भोजने मत्तञ्ञुता : पसेनदी राजाचे ताट आणि आपले

 

मागच्या महिन्यात वंदना झाली, परित्राणपाठ झाला आणि नेहमीप्रमाणे हॉलच्या मागच्या टेबलांवर डबे उघडले गेले. बिर्याणीच्या रांगेत आम्ही पाच जण एकापाठोपाठ उभे होतो. सगळे चाळिशी ओलांडलेले, सगळे दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारे. बोलणे सुरू झाले ते गोळ्यांवरून. एकाची मेटफॉर्मिन पाचशेची, दुसऱ्याची हजारची, तिसऱ्याला जीपीने नुकतेच ‘प्री-डायबेटिक’ म्हटलेले. बोलता बोलता प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन गुलाबजाम आले. माझ्याही. आम्ही हसलो. पण पाचांपैकी तिघांचे वडील साठीच्या आत गेले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होते. माझे वडील त्या तिघांतले. वय अठ्ठावन्न. मधुमेहाने आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग मूत्रपिंडे.

म्हणून या वर्षावासाच्या अभ्यासवर्गासाठी मी संयुत्त निकायातले एक छोटेसे सुत्त निवडले आहे. कोसल संयुत्तातले दोणपाक सुत्त. जेमतेम एका पानाचे आहे. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आपण ज्याला प्रसेनजित म्हणून वाचतो, तोच हा कोसलचा राजा पसेनदी.

पसेनदीला एका वेळी एक द्रोण तांदळाचा भात लागत असे. द्रोण म्हणजे आपला पानाचा द्रोण नव्हे, ते धान्याचे मोठे माप होते. एकदा असाच भरपेट जेवून तो सावत्थीला भगवंतांच्या भेटीला आला. धापा टाकत, श्वास लागलेला. भगवंतांनी त्याची अवस्था ओळखली आणि एक गाथा म्हटली. तिचा आशय असा की, जो माणूस सदैव भान ठेवतो आणि मिळालेल्या अन्नाचे प्रमाण ओळखतो, त्याचे त्रास कमी होतात, म्हातारपण हळू येते, आयुष्य जपले जाते. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा एक तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की म्हणत जा, तुला रोज शंभर कहापण देईन. तेव्हापासून राजा जेवायला बसला की सुदस्सन गाथा म्हणू लागला. राजाचे खाणे हळूहळू एका नाळीच्या भातापर्यंत आले. नाळी हे द्रोणापेक्षा पुष्कळ लहान माप. पुढे एके दिवशी, अंग हलके झालेला राजा आपल्या अंगावरून हात फिरवत आनंदाने म्हणाला की, भगवंतांनी आपल्यावर दोन्ही प्रकारे अनुकंपा केली, इथल्या हितासाठीही आणि पुढच्याही.

एवढेच सुत्त. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते गमतीचे वाटले होते. बारीक होण्यासाठी माणूस नेमणारा राजा! दुसऱ्यांदा वाचले तेव्हा मी स्वतः एक चूक करून बसलो होतो आणि तेव्हा या सुत्तात काय काय नाही ते दिसले. भगवंत राजाला अधाशी म्हणत नाहीत. भात वर्ज्य करत नाहीत, उपास सांगत नाहीत, पोटाकडे बोट दाखवत नाहीत. सगळ्या गोष्टीत कुठेही लाज नाही.

माझी चूक सांगतो. अडीच वर्षांपूर्वीच्या जानेवारीत माझे वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८६ किलो, कंबर १०१ सेंटिमीटर आणि एचबीएवनसी ४५ आले. इथल्या मोजमापात ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मला वडिलांचे पाऊल आठवले आणि मी घाबरलो. घाबरलेला इंजिनिअर जे करतो तेच केले : स्प्रेडशीट उघडली. भात, भाकरी, डाळ, फळे सगळे बंद. सकाळी उठल्यावर वजन, झोपताना वजन. पहिल्या दहा दिवसांत साडेतीन किलो उतरले आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. त्यातले बरेचसे पाणी होते हे नंतर कळले. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असते. पिठूळ पदार्थ बंद केले की दोन्ही निघून जातात आणि भात खाल्ला की दोन्ही परत येतात. चरबी अजून जागच्या जागीच असते.

बारा आठवड्यांत आठ किलो उतरले. त्या बारा आठवड्यांत मी घरात कुणाशी नीट बोललो नाही. मीटिंगमध्ये बसून मला मिसळ दिसायची. रात्री मोबाईलवर पाककृतींचे व्हिडिओ बघत बसायचो. मग एप्रिल आला. जयंतीचे कार्यक्रम इथे मे अखेरपर्यंत दर शनिवार-रविवारी चालतात, हे आपल्याला माहीत आहेच. मी जो खायला सुटलो तो सप्टेंबरपर्यंत ८७ वर पोहोचलो, म्हणजे सुरुवातीपेक्षा एक किलो जास्त.

यात माझ्या मनाचा दुबळेपणा किती आणि शरीराचा नियम किती? १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे शोधण्यासाठी या स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. ते चिडखोर आणि उदास झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. प्रयोग संपल्यावरही कित्येकांची भूक भागेना. ही सगळी धडधाकट, निश्चयी माणसे होती. शरीराला वाटते की दुष्काळ आला आणि ते आपल्या परीने आपला जीव वाचवू पाहते.

सिद्धार्थ गौतमाने हे अडीच हजार वर्षांपूर्वी स्वतःच्या शरीरावर अनुभवले होते. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात त्याच्या उपासाचे वर्णन आहे. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाताला लागावा, अशी अवस्था. एवढे करूनही जे शोधत होता ते सापडले नाही, तेव्हा त्याने पुन्हा अन्न घेतले. सोबतचे पाच जण त्याला सोडून गेले, त्यांना वाटले हा सुखलोलुप झाला. मध्यम मार्ग आपण तोंडाने नेहमी म्हणतो. पण त्या मार्गाची सुरुवात एका उपाशी माणसाने जेवण्यापासून झाली, हे माझ्या स्प्रेडशीटमध्ये कुठेच नव्हते.

आता जे सांगायचे ते जड आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने एका रात्री ताटातला भात बाजूला सारला आणि म्हणाली, “पप्पा, भात वाईट असतो ना?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आठवडाभराने बायकोच्या लक्षात आले की तिचा शाळेचा डबा न उघडता परत येतोय. बाथरूममधल्या काट्यावर ती रोज उभी राहत होती, माझ्यासारखीच. मी तीन महिने घरात जे बोलत होतो, “हे पोट बघ,” “लाज वाटते फोटो बघून,” “आज पाप केलं, दोन पोळ्या खाल्ल्या,” ते सगळे ती ऐकत होती. वाढत्या वयाच्या मुलीने ते स्वतःच्या अंगाला लावले होते.

काटा कपाटात गेला. आम्ही तिच्या शाळेतल्या नर्सशी आणि जीपीशी बोललो, वेळीच बोललो. तुमच्या घरात मूल जेवण टाळू लागले, डबे लपवू लागले, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाऊ लागले तर ‘वय आहे’ म्हणून सोडून देऊ नका. जीपीकडे जा. ‘बीट’ ही इथली संस्था खाण्याच्या विकारांवरच काम करते, तिचीही मदत घ्या. आणि वाढत्या मुलांना कोणतेही ‘डाएट’ लावू नका. कृपा करून त्यांच्यासमोर स्वतःच्या शरीराला शिव्या देऊ नका.

पाप हा शब्द मी कुठून आणला, याचा नंतर विचार करत राहिलो. आपल्या परंपरेत भात खाणे पाप नाही. पंचशीलात गुलाबजामचा उल्लेख नाही. अन्नावरून माणसाला हलके ठरवण्याचा धंदा आपल्या विरुद्ध पिढ्यान् पिढ्या चालला, तो आपणच आपल्या ताटावर चालवायचा?

आपले आणि अन्नाचे नाते साधे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला काय येत होते हे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये वाचायला मिळते : चान्या, वजडी, कण्या, शिळ्या भाकरी. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा. तो आहाराचा सल्ला नव्हता, माणूस म्हणून उभे राहण्याचा होता. पण भूक लगेच गेली नाही. माझी आई १९७२ च्या दुष्काळात दहा वर्षांची होती. आजी-आजोबा बीड जिल्ह्यात दुष्काळी कामावर खडी फोडत आणि आईला तिथे सुकडी मिळे. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी तिला अजून आठवते. अशा आईने आम्हाला एकच नियम शिकवला : ताटात काही टाकायचे नाही. मी आजही टाकू शकत नाही. मुलांच्या ताटात उरलेले, कढईच्या तळाला लागलेले, हॉलवर उरलेल्या बिर्याणीचा शेवटचा डबा, सगळे माझ्या पोटात. आईच्या पोटातली भूक मी माझ्या कंबरेवर साठवत होतो, असे म्हटले तर फार चूक नाही.

आणि हे नुसते भावनेचे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळे त्यांनी साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. बारीक दिसणारी आणि तरीही आतून चरबी बाळगणारी बाळे. म्हणून इथल्या एनएचएसमध्येही आपल्यासाठी बीएमआयची रेषा २५ नाही, २३ ला सुरू होते आणि २७.५ ला धोका जास्त धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे दक्षिण आशियाई लोकांसाठी सांगितले जाते. गोरा सहकारी तुमच्याएवढ्याच वजनाचा असून ठणठणीत असेल तर त्याच्याशी तुलना करू नका. टेप घ्या आणि बेंबीच्या आसपास स्वतःची कंबर मोजा. वर्षातून चार वेळा पुरे.

आता सुत्ताकडे परत. त्यात मला चार गोष्टी दिसल्या. त्यातली पहिली सर्वांत मोलाची आहे म्हणून तिच्यावर जास्त बोलतो.

अट्ठकथेत या गोष्टीचा अधिक तपशील येतो. राजा शेवटचा घास उचलायच्या बेतात असताना गाथा म्हणायची. राजा तो घास खाली ठेवील. मग त्या घासात जितके तांदूळ होते तितके दुसऱ्या दिवशी शिजवताना कमी घ्यायचे. बस्स. हे वाचून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. सप्टेंबरनंतर चौदा महिन्यांत मी ११ किलो कमी केले, ८७ वरून ७६. भागाकार करा : रोज सरासरी दोनशे कॅलरी. दीडशे ग्रॅम शिजलेला भात म्हणजे तेवढेच, एक वाटी. हिशेब ढोबळ आहे, वजन घटते तशी शरीराची गरजही घटते आणि आलेख कधी सरळ रेषेत जात नाही. पण आकडा बघा किती छोटा आहे. राजाचा शेवटचा घास आणि माझी एक वाटी. जानेवारीत मी सगळे ताटच उलटे केले होते.

आणि तो घास टाकायचा नाही, आधीच कमी शिजवायचा! आईच्या नियमाला धक्का नाही. आमच्या घरी आता तांदूळ मापाने घेतात, फोडणीचे तेल बाटलीतून न ओतता चमच्याने. मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि आमच्या कढईत पूर्वी असे पाच-सहा चमचे जात. चहा चार कप तसाच ठेवला, साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आणली, तीही दोन महिने घेऊन. एकदम बंद केली असती तर पुन्हा जयंतीची वाट बघत बसलो असतो.

दुसरी गोष्ट, गाथा जेवायच्या वेळी म्हणायची आहे. सकाळच्या वंदनेत म्हणून उपयोग नाही, कारण तृष्णा तेव्हा जागी नसते. स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान ही साखळी आपण प्रतीत्य समुत्पादात शिकतो. ती रात्री साडेदहाला फ्रिजच्या दारात उभे राहून बघा. रिलीज फसले आहे, अमेरिकेतला मॅनेजर कॉलवर ओरडला आहे, छातीत काहीतरी टोचते आहे आणि हात शेवेच्या डब्याकडे गेला आहे. तिथे मी एकच प्रश्न विचारतो : ही पोटाची वेदना आहे की मनाची? पोटाची असेल तर भाकरी आणि अंडे खातो, बिनदिक्कत. मनाची असेल तर कधी जिना चढून-उतरून येतो आणि कधी शेव खातोच. खाल्ली तर बशीत घेऊन, बसून, चव घेत. डब्यातून उभ्याने नाही.

भिक्षूंच्या आहारचिंतनात फार नेमका विचार आहे. जेवण कशासाठी, तर भुकेची जुनी वेदना शमावी आणि अति खाण्याची नवी वेदना उठू नये. दोन वेदनांच्या मधली जागा शोधायची आहे. पोट भरल्याचा निरोप पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि मी ऑफिसात आठ मिनिटांत जेवत होतो. ती जागा सापडणार कशी?

तिसरी गोष्ट सुदस्सन. राजाने त्याला स्वतः नेमले होते. न सांगता “पुरे आता” म्हणणारी बायको, सासू किंवा दीर म्हणजे सुदस्सन नव्हे, हे सर्वांनी कृपया ध्यानात घ्यावे. आमच्या पाच जणांपैकी एकाला मी विचारले. आम्ही दुपारी जेवायच्या आधी एकमेकांना फक्त ‘सति’ एवढाच शब्द पाठवतो. वजन विचारत नाही, ताटाचे फोटो मागत नाही. शंभर कहापणांऐवजी महिन्यातून एकदा मी चहा पाजतो.

चौथी, राजा अंगावरून हात फिरवून आनंदतो. शरीराशी मैत्री झाली आहे. नुसते खाणे कमी केले की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू आपल्याकडे आधीच कमी. म्हणून आठवड्यातून दोनदा उठाबशा, जोर आणि रबरी पट्ट्यांचा व्यायाम, बाकी दिवशी चालणे. ताटात प्रथिने वाढवली : घट्ट वरण, हुलगे, अंडी, कोंबडी, आणि आईने पाठवलेली सुकट. सुकटीचा वास शेजाऱ्यांना चालत नाही असे म्हणून आम्ही ती दहा वर्षे केली नव्हती. आता खिडकी उघडून करतो. पण मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वर्षावासात उपोसथ धरून दुपारनंतर न जेवणाऱ्यांपैकी जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनीही आधी जीपीशी बोलावे. साखर अचानक खाली गेली तर चक्कर येते, शुद्ध हरपू शकते. शील पाळताना जीव धोक्यात घालावा असे कुणी सांगितलेले नाही. (आणि उपोसथाच्या दुसऱ्या दिवशी साबुदाण्याची तळलेली थालीपीठे हा प्रकार कुठून आला, तेही एकदा तपासू या.)

आज माझी कंबर ९१ आहे, ९० नाही. एचबीएवनसी ३९ आहे. वजन आठ महिने ७६ च्या आसपास हलते आहे, लग्नाच्या आठवड्यात ७८ झाले होते आणि मी स्प्रेडशीट उघडली नाही. मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. गेल्या रविवारी तिने आजीला व्हिडिओ कॉलवर विचारून भाकरी थापली, एक नकाशासारखी आणि एक जळकी, आणि दोन्ही तिनेच खाल्ल्या, वर थोडा भातही घेतला. आईने मला पलीकडून विचारले, “तू जेवलास का रे?” मी हो म्हटले. “पोटभर?” मी जरा थांबलो आणि म्हणालो, “पुरेसं.” तिला ते पटले नाही.

पुढच्या वर्गात संयुत्त निकायातले पुत्तमंस सुत्त आणि चार आहार वाचायचे आहेत. ते कठोर सुत्त आहे, सर्वांनी आधी वाचून यावे. त्या दिवशीच्या भोजनासाठी दोन विनंत्या आहेत. ज्या घरांकडे डाळ किंवा उसळ आणणे आहे त्यांनी ती थोडी जास्त आणावी, आणि गोड पदार्थ यावेळी चार घरांऐवजी एकाच घराने आणावा. बिर्याणी नेहमीप्रमाणे असेलच. ताटल्या लहान मागवल्या आहेत, कुणाला पुन्हा वाढून घ्यायचे असेल तर संकोच करू नये.

जय भीम.